हाकेची मानकरीण

“थांबू नकोस गं. अजून एकदा म्हण,” शेजारी बसलेली विलिसी कोपराने ढोसत पुटपुटली.

थांबायला उनाइसी काय वेडी होती? ऊन डोक्यावर आलं होतं, कड्याचा खडक खालून चटके देत होता, गळ्यातले फुलांचे हार सुकून मानेला टोचायला लागले होते, तरी तिचा सूर तसूभर हलला नव्हता. ती पुढे ओळ टाकायची आणि मागच्या दहा-बाराजणी ती उचलायच्या. वर ये, आई, वर ये. लेकीला घेऊन वर ये. खाली खाडीचं पाणी इतकं नितळ होतं की तळाची वाळू दिसावी. कासवं तेवढी नव्हती.

मागे चटयांवर मोठ्या बोटीतून आलेले पाहुणे बसले होते. सांगितलं होतं तसे टोप्या काढून, मांडी घालून, बोट न दाखवता, गप्प. आधी सगळ्यांची नजर पाण्यावर खिळलेली होती. मग ती एकमेकांकडे वळायला लागली. एका लहान मुलीने भलीमोठी जांभई दिली आणि तिच्या आईने तिला दटावलं, पण दटावता दटावता तिलाच जांभई आली.

शेवटी बोटीच्या कंपनीचा माणूस उठला आणि अदबीने गावच्या मुखियाच्या कानाशी लागला. बायकांनी हाक थांबवली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बिचारे भले लोक होते. पण त्या टाळ्या उनाइसीला चपराकीसारख्या लागल्या. नामुआच्या कड्यावर टाळ्या वाजवायची वेळ कधी आलीच नव्हती. एरवी कासव वर आलं की माणसं टाळ्या वाजवायचं विसरूनच जात. एकदा एक म्हातारा गोरा तर ढसाढसा रडला होता आणि का रडतोय ते त्याला स्वतःलाही सांगता येत नव्हतं.

ही हाक रिकामी जाण्याची सलग तिसरी खेप.

फिजीच्या कान्दावू बेटावर नामुआच्या बायका हाक मारतात आणि कासवं वर येतात. यात नवल ते काय, असंच नामुआची माणसं म्हणणार. आई हाक मारल्यावर पोर येतं, तसंच हे. फार जुन्या काळी नामुआच्या दोन बायका, एक आई नि एक लेक, खडकावर शिंपले वेचत होत्या. खाडीपलीकडच्या नाकासा गावच्या कोळ्यांनी त्यांना होडीत घालून पळवलं. वाटेत वादळ उठलं. दोघींनी पाण्यात उड्या टाकल्या आणि कासवं होऊन आपल्या गावच्या पाण्यात परतल्या. तेव्हापासून त्या तिथेच आहेत. आपल्या माणसांनी हाक मारली की वर येतात, तोंड दाखवतात. फक्त एक अट आहे: त्या वेळी नाकासाचं माणूस तिथे नसावं. नाकासाच्या माणसाचा वास आला की दोघी तळाशी बसतात.

आणि उनाइसी ही त्या हाकेची मानकरीण. तिच्या आत्येनंतर ती पुढच्या खडकावर बसायला लागली, तेव्हा पेथेली तिच्या पोटात होता. आता पेथेलीला मुलगी झाली. तेवढ्या काळात उनाइसीच्या आयुष्यात दुसरं सांगण्यासारखं काही घडलंच नाही म्हणा ना. कसावा लावला, कसाव्याचे कंद उपटले. केवड्याच्या पातीच्या चटया विणल्या, गावातल्या प्रत्येक लग्नात एक दिली, प्रत्येक मयतीत एक दिली. नवरा तापाने गेला. चर्चच्या गाण्यात ती मागच्या ओळीत उभी राहते, कारण तिथे पुढची ओळ मुखियाच्या बायकोची. पण नांदीच्या विमानतळावर म्हणे तिचा एक मोठाच्या मोठा फोटो लावलाय, तोंड उघडं, डोळे मिटलेले. उनाइसीने नांदी पाहिलेलं नाही. “डोळे तरी उघडे असताना काढायचा की मेल्यांनी,” एवढंच ती त्यावर म्हणाली होती. पण म्हणताना लाजली होती.

बोटीचा माणूस मुखिया वाइसेआला सांगून गेला ते कड्यावरून उतरेपर्यंत गावभर झालं: पुढच्या खेपेलाही कासवं आली नाहीत, तर बोट इथे नांगर टाकणार नाही. दुसऱ्या बेटावर एक छान धबधबा आहे. धबधब्याला हाक मारावी लागत नाही.

उनाइसी घरी पोचली तर तोरिका डोंगरामागून परत आली होती. तोरिका म्हणजे उनाइसीची सून, पेथेलीची बायको. आणि गावचं दुखणं म्हणाल तर तेच, कारण तोरिका नाकासाची. पेथेलीने सुवाला बंदरात काम करता करता कुठून शोधून काढली कोण जाणे! अख्ख्या फिजीत पोरी काय कमी होत्या? पण नाकासाची माणसं रीतसर माफीचा मान म्हणून व्हेलचा दात घेऊन आली, त्यांनी मान खाली घालून जुन्या गुन्ह्याची माफी मागितली, नामुआने दात स्वीकारला आणि लग्न झालं. हाकेच्या दिवशी तोरिकाने पहाटेच डोंगर ओलांडून पलीकडच्या कसाव्याच्या मळ्यात जायचं आणि बोट गेली की परतायचं, असं ठरलं. ती एकदाही चुकली नाही. बाळंतीण झाल्यावर पोरीला पाठीशी बांधून गेली.

आता ती चुलीपाशी पाठमोरी बसली होती. कोपऱ्यात तिचे कपडे गुंडाळून ठेवलेले होते.

“हे काय?” उनाइसी म्हणाली.

“ऐकलंय मी वाटेत, नेई.” सासूला ती नेई म्हणायची. “मी जाते माहेरी. तुमचं सगळं माझ्यापायी...”

“तुझ्यापायी? तू काय कासवांच्या शेपट्या धरून बसली होतीस का डोंगरावर?”

तोरिकाला हसू आलं नाही. “लोक म्हणतात, पोर झाल्यापासून कासवं बंद झाली. ते खरंच आहे ना.”

“लोक म्हणतात! लोकांना काय, जिभेला हाड आहे का? ते बोचकं उघड आणि आधी मला मासा वाढ. सकाळपासून बोंबलतेय मी, पोटात कावळे ओरडताहेत.”

तोरिकाने नारळाच्या रसातला मासा वाढला. उनाइसीने दोन घास खाल्ले आणि ताटली बाजूला सारली. बोचकं काही उघडलं गेलं नाही. मान टाकून झोपलेल्या नातीवरचं फडकं तिने सारखं केलं. पेथेली आता दूर जाणाऱ्या एका बोटीवर खलाशी. वर्षातून दोनदा येणार. आज ही पोरगी तान्ह्या लेकराला घेऊन माहेरी गेली की नाकासाची माणसं म्हणतील, आमचा दात घेतलात नि आमची लेक हाकललीत. ती परत येईल कशाला? अपमान गिळून कोण येतं?

दुसऱ्या दिवशी सभाघरात गाव जमलं. पुढे पुरुष, मधे याकोनाचा, म्हणजे मुळं कुटून केलेल्या कडवट पेयाचा, लाकडी कटोरा, दाराशी बायका. बोलायला सुरुवात केली ती आपोरोसाने. जुन्या गोष्टींत शेवटचा शब्द त्याचा. हा म्हातारा दुष्ट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. हाक मरू नये म्हणून त्याने जन्मभर जिवाचं रान केलं होतं. त्याच्या तरुणपणी पाद्रीबाबांनी हाक बंद करायचा घाट घातला, तेव्हा हाच एकटा त्यांच्याशी भांडला होता.

“पोरगी वाईट आहे असं कोण म्हणतंय?” आपोरोसा म्हणाला. “गुणाची आहे. पण त्या दोघींना आपल्या सुनांच्या गुणांशी काय करायचंय? त्यांना नाकासाचा वास नको.”

“पण हाकेच्या वेळी ती डोंगरापल्याड असते, आजोबा,” वाइसेआ म्हणाला.

“असते. आणि बाकीचे दिवस? आपल्याच ओढ्यावर धुणं धुते ना? ते पाणी जातं कुठे? खाडीत! आता तर पोरीची दुपटीही धुते.”

हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माना डोलल्या.

“आणि ती पोर,” म्हातारा पुढे म्हणाला, “ती आपली, कबूल. पण त्यांची भाची आहे की नाही? भाचरू मामाच्या गावातून हक्काने काहीही उचलून आणतं. म्हणजे नाकासाचा एक पाय आपल्या गावात कायमचा आलाच. बोटींचे दिवस संपेपर्यंत मायलेकी तिकडे राहू देत. नंतर यावं की. कोण नको म्हणतंय?”

“मला बोलायचंय,” दाराजवळून उनाइसी म्हणाली.

वाइसेआ तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. “बोल, मोठी आई.”

“आपण कड्यावर बसून काय म्हणतो? आई, वर ये, लेकीला घेऊन वर ये. घरातनं गेलेल्या दोघी परत याव्यात म्हणून गळा सुकवायचा, आणि घरातल्या दोघींना हाकलायचं? त्या कासवांना काय वाटेल?”

दाराशी बायकांच्या माना हलल्या. क्षणभर वाटलं, जिंकली. पण आपोरोसा मिशीत हसला.

“उनाइसी, तुझ्या सासऱ्याबरोबर मी होडी वल्हवलीय. ही गोष्ट मला नको शिकवूस. त्या दोघींना पळवलं कोणी? नाकासाने. बरोबर? मग झालं तर.”

पुरुष हसले. वाइसेआने घसा खाकरला. तो आता निकाल देणार हे उनाइसीला कळलं. मुखियाच्या तोंडून एकदा शब्द पडला की तो परत उचलता येत नाही. तिने आजूबाजूला पाहिलं. द्यायला तिच्याकडे दुसरं होतं तरी काय?

“दोष पोरीचा नाही,” ती म्हणाली. “माझा आहे. माझा गळा गेलाय.”

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“तिसऱ्या ओळीत सूर फाटतो माझा. श्वास पुरत नाही. मागच्या बायका सावरून घेतात म्हणून तुम्हाला कळत नाही. पण त्या दोघींना कळतं. पहिल्या ओळीला त्या निघत असतील वर यायला. मग सूर तुटतो नि मागे फिरतात. मीच लपवलं. मान सोडवेना, म्हणून लपवलं.”

“विलिसी, तू शेजारी बसतेस हिच्या,” आपोरोसा म्हणाला. “हे खरं?”

विलिसीने चटईची पात नखाने उसकटत कसंबसं उत्तर दिलं. “मी मेली काय सांगू? माझं लक्ष माझ्या सुराकडे.”

“मग गाऊन दाखव,” म्हातारा उनाइसीला म्हणाला. “इथेच.”

उनाइसी बसल्या जागी ताठ झाली. डोळे मिटले. आणि पहिली ओळ सुटली ती इतकी सुरेल, इतकी भरून, की आपोरोसाचेही डोळे आपोआप मिटले. गळ्याला कुठे ठाऊक होतं की आज वाईट गायचंय? त्याला जन्मभर एकच वळण लावलेलं. दुसरी ओळही तशीच आली. उनाइसी आतून घाबरली. मग तिसरीत, जिथे सूर चढून लांब राहायचा, तिथे तिने पोट आवळलं, जीभ मागे ओढली आणि आपल्या हाताने आपलाच सूर मोडला. चरचरीत, फाटका आवाज सभाघरात घुमला. पुढची सगळी ओळ तिने तशीच ओढली, धापा टाकत, खोकत, शेवटपर्यंत. मधेच थांबली असती तर कोणी म्हणालं असतं, आज घसा बसला असेल.

दाराशी एका म्हातारीने डोळ्याला पदर लावावा तसं फडकं लावलं. आपोरोसाने मान खाली घातली.

“मला कळलं कसं नाही?” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. “माझेच कान गेले म्हणायचे.”

याकोनाची पहिली वाटी त्याने स्वतः उचलली आणि उनाइसीला पाठवली. बाईमाणसाला पहिली वाटी! तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि खोटेपणाची सगळी कडवट चव एका दमात पिऊन टाकली. पुढच्या खेपेपासून विलिसीने पुढे बसावं असं ठरलं. तोरिकाने राहावं, हाकेच्या दिवशी डोंगरापल्याड जावं, जसं आधी ठरलं होतं तसं. उनाइसीने मागच्या ओळीत नुसतं बसावं, मान म्हणून.

बाहेर पडल्यावर विलिसीने तिला ओढ्याच्या वाटेवर गाठलं.

“खोटारडे,” ती म्हणाली.

“हळू बोल.”

“असलं घाणेरडं गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मुरगळलेली कोंबडी बरी ओरडते.”

उनाइसी खुदकन हसली. मग दोघीही हसल्या, तोंडावर हात ठेवून, पोट धरून. हसता हसता विलिसीच्याच डोळ्यांना धार लागली.

“तुझा सूर माझ्या कानात मुरलाय गं. तुझ्यापुढे बसून मी गाऊ कशी?”

“श्वास आधी घेऊन ठेव. तिसरीला घाई करू नकोस.”

“शिकवू नकोस मला.” विलिसीने नाक पुसलं. “आणि माझ्या हाकेलाही नाही आली तर?”

“येतील.”

“आणि आली तर गं, उनाइसी?”

ओढ्यावर तोरिका दुपटी धूत होती, ती दिसली, तशी उनाइसी तिकडे वळली.

बोटीच्या दिवशी पहाटे तोरिका पोरीला पाठीशी बांधून निघाली, तर उनाइसी खोदायची काठी घेऊन दारात उभी.

“तुम्ही कुठे, नेई? तुम्हाला तर मागच्या ओळीत...”

“तिथे बसले तर तोंड उघडेल माझं. सवय आहे मेलीला. चल.”

डोंगरापलीकडच्या मळ्यात दोघींनी सकाळभर कसावा उपटला. पोर सावलीत चटईवर झोपली. समुद्र तिथून दिसत नाही, पण वारा खिंडीतून आवाज आणतो. आणि इथलं गाणंही त्याच खिंडीतून खाली गावाच्या परसापर्यंत जातं, म्हणून तोरिका एरवी इथे एकटी असताना गुणगुणायचीसुद्धा नाही.

हाक सुरू झाली, तसे उनाइसीचे हात थांबले. विलिसीचा सूर थोडा खालचा होता, पण सच्चा होता. पहिली ओळ. दुसरी. उनाइसी काठीवर रेलून ऐकत राहिली आणि तिच्याही नकळत तिचा श्वास योग्य जागी आत गेला. तिसरी ओळ चढली, थरथरली, टिकली. “वा गं माझी बाई,” ती म्हणाली.

तोरिका तिच्याकडेच बघत होती. सभाघरातला प्रकार तिला गावातल्या बायकांकडून कळला होता आणि विलिसीने उरलेलं सांगून टाकलं होतं. विलिसीच्या पोटात काय राहतंय!

हाक पुष्कळ वेळ चालली. मग एकाएकी तिची चाल बदलली. सावकाश ओढलेल्या ओळी जाऊन नाचरा, झपझप ठेका आला. हा ठेका नामुआच्या बायका एकाच वेळी धरतात.

“नेई...” तोरिका उठून उभी राहिली. “आली?”

“आली,” उनाइसी म्हणाली. तिचा चेहरा उजळून निघाला होता. “एक आलीय. थांब... बघ, पुन्हा ठेका बदलला. दुसरीही आली. लेक आईच्या मागोमाग येते नेहमी. आधी पाठ दिसते, मग ती मान वर काढते आणि चांगली आपल्याकडे बघते. अशी बघते ना...”



“म्हणजे आता सगळं गाव म्हणणार,” तोरिका म्हणाली, “की तुमच्याच गळ्यामुळे...”

“म्हणू देत.”

“पण ते खोटं आहे, नेई!”

“कोण जाणे,” उनाइसी म्हणाली. ती खिंडीकडे बघत होती. “तीन खेपा माझ्या हाकेला आल्या नाहीत. विलिसीच्या पहिल्याच हाकेला आल्या. कोण जाणे, बाई.”

तोरिका रडायला लागली. उनाइसीने तिला रडू दिलं. खालून आता माणसांचा गलका येत होता. पाहुणे गप्प बसायचं विसरले असणार. त्या आवाजाने पोर दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं.

उनाइसीने लगबगीने तिला उचललं, खांद्यावर घेतलं, श्वास भरला आणि गायला तोंड उघडलं. मग खिंडीतून खाली दिसणाऱ्या गावातल्या घरांच्या छपरांकडे तिची नजर गेली. तिने तोंड मिटलं, पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि नुसतीच थोपटत राहिली.